खानाकडून गजा पेंटर

गजा पेंटरच्या घरी चहा प्यायचा तर कप हातातच धरून बसावं लागायचं. पुढच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत एक भलंमोठं टेबल होतं, पण त्यावर कप ठेवायला बंदी. कुणी ठेवलाच तर गजा नुसता उठायचा, कप उचलायचा आणि परत त्याच्या हातात द्यायचा. भिंतींना लागून कपाटं आणि कपाटांत सैनिक. अंगठ्याच्या दोन पेरांएवढे, शिशाचे, रंगवलेले. डाव्या भिंतीला मावळे, उजव्या भिंतीला मोगल. सगळे मिळून इतके, की मोजायचा कंटाळा यावा. आणि कोरोनापासून त्यातला एकही कपाटाबाहेर आला नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि गजाच्या मुलीने, सुप्रियाने, ती खोली मागितली. सुप्रिया फिजिओथेरपिस्ट आहे. रोज पनवेलला जाऊन दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे आणि कंबरा ठीक करते. जुन्या हायवेला लागून घरचीच खोली असताना पनवेलला कशाला मरायचं, असा तिचा प्रश्न होता. गजा म्हणाला, "घे की. सैन्य विकून टाकतो." इतकं सहज म्हणाला की त्याची बायको छाया माझ्याकडे बघायला लागली आणि मी छायाकडे.

माझं आमच्या चौक गावात औषधाचं दुकान आहे. औषधं विकतो म्हणून गजा मला डॉक्टर म्हणतो, आणि गावातली चार माणसं त्यावर विश्वास ठेवून मला नाडी दाखवतात. हा त्याने मला दिलेला त्रास. मैत्री मात्र शाळेपासूनची आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क फक्त माझा.

गजा म्हणजे गजानन ठोंबरे. एके काळी पनवेल ते खोपोली या पट्ट्यात ट्रकच्या फाळक्यावर जी कमळं, जे मोर आणि ज्या शपथा लिहिलेल्या असायच्या, त्यातल्या निम्म्या याच्या हातच्या. नंबर प्लेट तर अशी रंगवायचा की पोलीससुद्धा आधी अक्षर बघायचा आणि मग लायसन मागायचा. पुढे रेडियमचे स्टिकर आले. मशीन आकडे कापून द्यायला लागलं आणि ब्रशचं काम आटलं. दुसरा कुणी असता तर दारूला लागला असता. हा दिवाळीच्या किल्ल्याला लागला.

बाजारातले मातीचे मावळे त्याला कधीच पटले नाहीत. "समद्यांची येकच मिशी," म्हणायचा, "असं कुठं सैन्य असतंय का रं?" म्हणून त्याने स्वतः करायला घेतले. टायर बॅलन्स करताना चाकाला शिशाची छोटी वजनं ठोकतात, ती जुनी झाली की गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असतात. चौकमध्ये गॅरेजांना तोटा नाही. गजा ती वजनं गोळा करायचा, वितळवायचा आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायचा. पहिल्यांदा त्याने हे छायाच्या स्वयंपाकघरात, छायाच्या पातेल्यात केलं. ते पातेलं छायाने रस्त्यावर फेकलं आणि त्याच्या मागोमाग गजाला परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे त्याचा कारखाना सुरू झाला.

हे सैनिक किल्ल्यावरून टेबलावर आले ते करमरकर साहेबांमुळे. साहेब रसायनीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. गाडीची नंबर प्लेट रंगवून घ्यायला आले आणि फळीवर वाळत ठेवलेले मावळे बघून तिथेच बसले. परदेशात लोक अशी छोटी सैन्यं घेऊन टेबलावर लढाया खेळतात, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. खेळ सोपा आहे. टेबलावर डोंगर, नदी, वाट मांडायची. दोन बाजूंना दोन सैन्यं. आळीपाळीने पट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे, गाठ पडली की फासे टाकायचे, आणि ज्याचा फासा वरचढ त्याने समोरचा सैनिक टेबलावरून उचलायचा.

लढाई कोणती खेळायची हा प्रश्नच नव्हता. उंबरखिंड आमच्याच खालापूर तालुक्यात. मोगलांचा कारतलबखान त्या खिंडीत सैन्य घेऊन उतरला आणि दोन्ही बाजूंच्या झाडीतून मावळ्यांनी त्याला असा कोंडला की शस्त्रं आणि सामान टाकून परत जावं लागलं. गजाने टेबलावर ती खिंड उभी केली. पाताळगंगेतले दगड, लाकडाचा भुसा, वाळलेलं शेवाळ. लोधिवलीचा शेतकरी कोंडाजी, जो आमचा चौथा गडी, तो आपल्या बैलांना न्यायचा त्या वाटेवरची खरी माती घेऊन आला.

महाराजांची मूर्ती मात्र टेबलावर नव्हती. करमरकर साहेबांनी सुचवलं, तेव्हा गजाने कान पकडले. "फासा उलटा पडला तं महाराजांना टेबलावरनं उचलनार कोन? तुमी?" मग वरच्या टेकाडावर फक्त एक भगवा झेंडा लागला. तो उचलायचा नाही, त्याला फासा लागू नाही, असा नियम झाला. खेळ सुरू व्हायच्या आधी नारळ फुटायचा आणि त्याचं पाणी गजा दोन्ही सैन्यांवर शिंपडायचा. कोंडाजी दर वेळी कुरकुरायचा, "खानाला कशापायी?" गजा दर वेळी म्हणायचा, "तो पन घरदार सोडून आलाय."

आणि पहिल्याच रविवारी घोळ झाला. साहेब मावळ्यांच्या बाजूला उभे राहिले. कोंडाजी मावळ्यांच्या बाजूला उभा राहिला. मीही तिकडेच. खिंडीच्या पलीकडे, खानाच्या बाजूला, खुर्ची रिकामी. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. महाराष्ट्रात जन्म घेऊन, तेही उंबरखिंडीच्या एवढ्या जवळ, खानाकडून कोण खेळणार? शेवटी गजा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि खुर्चीत बसला. "चला," म्हणाला, "अडवा मला."

त्या दिवसापासून तो जो तिकडे बसला तो बसलाच. वर्षं गेली, आमचे केस गेले, पण ती खुर्ची बदलली नाही. आम्हाला वाटायचं, याला आवडतंय. कारण गजा खान होऊन जीव तोडून खेळायचा. पुढची तुकडी अडकली की मागची कशी वळवायची, घोडे कुठे उतरवायचे, झाडीत कोण लपलं असेल, सगळ्याचा विचार करायचा. आम्ही चूक केली तर पुढच्या रविवारी ती चूक आम्हालाच समजावून सांगायचा.

त्याच्या मोगलांकडे बघितलं की मला अजून नवल वाटतं. मावळे देखणे आहेतच, पण मोगलांच्या बाबतीत एखादा सगळ्यांना एकच राक्षसाचं तोंड काढून मोकळा झाला असता. गजाने प्रत्येकाला वेगळं तोंड दिलं. एक उंटवाला आहे, त्याचा जोडा फाटलाय आणि तो एका पायावर भार देऊन उभा आहे. एक पखालवाला आहे, पाण्याच्या पखालीच्या ओझ्याने वाकलेला, डोळे अर्धे मिटलेले. खारीच्या केसांच्या ब्रशाने ते डोळे काढायला त्याला अख्खा श्रावण लागला. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, शत्रू आहेत ते. एवढा कशाला लाडावतोस?"

"दुबळा खान उभा केला," गजा म्हणाला, "तं मावळ्यांनी मारलं कुनाला रं, डॉक्टर? भुसकटाला?"

मी पखालवाला उजेडात धरून परत बघितला.

एकदा तर खान जिंकला. त्या रविवारी आमचे फासे असे पडले की विचारू नका. गजाचे घोडेस्वार खिंडीच्या पार झाले आणि कोंडाजीने टेबलावर हात आपटून सांगितलं की हे चालायचं नाही. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. कोंडाजी भजी तशीच टाकून उठून गेला आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगत गेला. संध्याकाळपर्यंत गजाच्या दारात दहाबारा माणसं उभी. पुढे होता सखा टेंपोवाला, छाती काढून. "काय रं गजा, महाराजांना हरवलंस म्हनं?"

मी काढता पाय घ्यायच्या बेतात होतो. गजा शांतपणे म्हणाला, "महाराजांना कोन हरवनार? ह्या डॉक्टरला हरवलं. तो खेळलाच गाढवासारखा. तुमी या, तुमी खेळा मावळ्यांकडनं. मी हायेच हितं." आणि दार पूर्ण उघडलं. ती सगळी माणसं आत आली, टेबलाच्या एकाच बाजूला दाटीवाटीने उभी राहिली आणि भांडत भांडत खेळली. गजा एकटा त्यांच्यासमोर. त्यांनी खानाला खिंडीत चांगला ठेचला. सखा एवढा खुश झाला की पुढे महिनाभर येईल त्या गिऱ्हाईकाला तीच लढाई सांगायचा. मला गाढव म्हटल्याचं मात्र गजाने कधी मागे घेतलं नाही.

पुढे करमरकर साहेब कोरोनात गेले. कोंडाजीला डोळ्यांनी दिसेना. मी आणि गजा दोघंच उरलो, आणि टेबलाशी बसलो की साहेबांची जागा डोळ्यांत खुपायची. टेबलावर छायाचे पापड वाळायला लागले. कपाटं बंद राहिली.

म्हणून तो विकतो म्हणाला, तेव्हा मला बरंच वाटलं. मीच कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याला घेऊन आलो. माणूस मोठ्या गाडीतून आला, मावळे बघून डोळे विस्फारले, खिशात हात घालून म्हणाला, "एक नंबर. रिसेप्शनला काचेत खिंड करू. मावळे सगळे घेतो." गजाने उजवं कपाट उघडलं. रिसॉर्टवाल्याने शिष्टाचार म्हणून एक नजर टाकली. "हे नकोत, काका. गेस्ट लोकांना मोगल कशाला दाखवायचे? उगाच कुणीतरी काहीतरी बोलतं. आणि मावळेसुद्धा खाली गमने चिकटवून टाकू, म्हणजे कोणी उचलणार नाही."

"समोर कोनी नाय," गजा म्हणाला, "तं हे मावळे तलवारी उगारून करतायत काय? माश्या मारतायत?"

सौदा मोडला. नंतर पुण्याचा एकजण फोनवर एकेक सैनिक सुटा मागत होता. त्यालाही नाही. मी भडकलो. म्हणालो, गजा, तुला विकायचंच नाही, उगाच पोरीला आशेला लावलंस. छायाने पापडाचं ताट टेबलावर जरा जोरातच आपटलं. सुप्रिया मात्र भांडली नाही. तेच वाईट झालं. ती म्हणाली, "राहू दे बाबा. मी स्टेशनकडं गाळा बघते भाड्यानं." आणि खरोखरच बघायला लागली.

मुलीने भांडावं, रुसावं, तर बाप तग धरतो. समजूतदारपणे माघार घेतलेली त्याला सोसवत नाही. गजाने दोन-तीन दिवस काढले. मग त्याने स्वतःच रिसॉर्टवाल्याला फोन केला आणि मावळे न्या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छाया माझ्या दुकानात आली. चपला न घालता. "भावजी, चला. ह्यांचा हात धरा कोनीतरी." मी गोळ्यांची बरणी तशीच उघडी टाकून निघालो.

परसातल्या शेडमध्ये गजा गॅसच्या शेगडीसमोर पाटावर बसला होता. शेगडीवर शिसं वितळवायची कढई. बाजूला उजव्या कपाटातले सगळे खण आणून मांडलेले. मोगलांची अख्खी फौज. मावळे गेल्यावर हे ठेवून काय करायचे, त्याने मनाशी ठरवलं होतं, वितळवायचे आणि शिसं गॅरेजवाल्याला परत द्यायचं. कढई तापून लाल व्हायला आली होती, पण आत काही नव्हतं. गजाच्या तळहातावर तो पखालवाला होता.

"कवापासनं बसलोय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पयल्यांदा कोनाला टाकू ते ठरंना रं."

मी काही बोलायच्या आत छायाने वाकून गॅस बंद केला. "सिलिंडर मी भरून आनलाय," ती म्हणाली. "मानसं जाळायला नाय आनलेला." तिने त्याच्या हातातून पखालवाला घेतला, पदराने पुसला आणि खणात ठेवला. जिने आयुष्यभर त्या सैन्याला शिव्या घातल्या, तिने खण एकेक करून उचलून घरात नेले. रिसॉर्टवाल्याला नकार द्यायचा फोनही तिनेच केला, आणि तो त्याला आयुष्यभर पुरेल.

पण खोलीचा प्रश्न होताच. मग मी इरेला पेटलो. भाच्याकडून सगळ्या सैन्याचे फोटो काढून घेतले आणि हा खेळ खेळणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, दोन्ही सैन्यं एकत्रच मिळतील, आणि चिकटवायची नाहीत. आठवड्याभरात खोपोलीहून किशोर नावाचा एक बँकेतला माणूस आला. चाळिशीचा, चष्मा लावणारा. त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाचसहा जण रविवारी उंबरखिंडच खेळतात म्हणाला. आतापर्यंत प्लास्टिकच्या सैनिकांनी खेळत होते. मावळे बघून तो खुश झाला, पण मोगलांचं कपाट उघडल्यावर खाली बसला. उंटवाल्याला दोन बोटांत धरून म्हणाला, "काका, ह्याचा जोडा फाटलाय?"

गजा पहिल्यांदा हसला. मग त्याने एकच विचारलं, "तुमच्यात खानाकडनं कोन बसतं?"

किशोर ओशाळला. "खरं सांगू? कुणीच बसत नाही. चिठ्ठ्या टाकतो. ज्याची निघेल तो बसतो, आणि लवकर हरून मोकळा होतो."

गजाने बराच वेळ त्या टेबलाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, गेला हाही सौदा. पण तो म्हणाला, "मग असं करा. न्या समदं. टेबल पन न्या. आनि दर रईवारी मी येईन. खानाकडनं मी बसेन."

असा सौदा मी दुकानदारीत कधी पाहिला नाही. सैन्य विकलं आणि सेनापती वर फुकट. पण त्या क्षणी गजाचा मला असा अभिमान वाटला की मी उगाचच खोकलो. सखाच्या टेंपोतून टेबल गेलं, कपाटं गेली. गजा टेंपोत मागे बसला, कपाटांना पाठ लावून, खोपोलीपर्यंत. सुप्रियाने दुसऱ्याच दिवशी भिंतींना पांढरा रंग दिला.

पहिल्या रविवारी मी त्याला माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो. हॉलमध्ये खिंड मांडून तयार होती. नारळ फुटला, पाणी दोन्हीकडे पडलं. ते पाचसहा जण मावळ्यांच्या बाजूला उभे राहिले, मीही सवयीने तिकडेच गेलो, आणि गजा टेबलाला वळसा घालून पलीकडे बसला. किशोरने पट्टी उचलली आणि परत खाली ठेवली.

"काका, एक विचारू? एवढे मावळे केलेत तुम्ही. तुम्हाला कधी ह्या बाजूनं खेळावंसं नाही वाटलं?"

गजा घोडेस्वार नीट लावत होता. मान वर न करता म्हणाला, "दर रईवारी वाटायचं."

"मग?"

"मग काय? चौघं होतो. चौघांतल्या कोनीतरी तिकडं बसायला पायजे होतं ना."

इतकी वर्षं समोरासमोर खेळलो, भजी खाल्ली, भांडलो, आणि हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

किशोर टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि गजाच्या खुर्चीमागे उभा राहिला. "उठा काका. खान आज मी."

गजा नको नको म्हणत उठला. आमच्या बाजूला आला, माझ्या शेजारी उभा राहिला. समोर त्याने स्वतः ओतलेले, स्वतः रंगवलेले मावळे झाडीत दबा धरून होते. खेळात एकालाही त्याने कधी पुढे सरकवलं नव्हतं. त्याची बोटं हवेत थांबली. "डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "कुठनं सुरू करू रं?"

"मला काय विचारतोस," मी म्हणालो. "मी गाढव."

त्याने एक मावळा उचलला आणि पुढे ठेवला.

किशोर मात्र मन लावून खेळला. दया नाही, माया नाही. मागची तुकडी वळवली, घोडे उतरवले, आणि दिवस मावळायच्या आत खानाचं सैन्य खिंडीपार नेलं. गजा बघतच राहिला. मग त्याने टेबलावरून हात लांब करून किशोरचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

खाली उतरल्यावर त्याने छायाला फोन लावला. एवढ्या मोठ्याने बोलत होता की रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. "अगं, हरलो! पार हरलो!"

"मग वरडताय कशाला?" छायाचा आवाज मलाही ऐकू आला. "खान हरनारच की. कवा नाय हरला?"

"खान नाय गं," गजा म्हणाला. "मावळ्यांकडनं. मी मावळ्यांकडनं खेळून हरलो."

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग छाया म्हणाली, "या लवकर. पुरन घालते."